टेक्सासमध्ये रोज जवळ बाळगायला .३० सुपर कॅरी पिस्तूल घ्यावं का, की ९ एमएमच बरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड झालं आहे, रात्री अकराला दुकान बंद करून रोकड घेऊन घरी जावं लागतं, कपड्याखाली बाळगता येईल असं पिस्तूल हवं आहे. बंदुकीच्या दुकानदारानं स्मिथ अँड वेसन कंपनीचं शील्ड ईझी हे पिस्तूल दाखवलं, तेही .३० सुपर कॅरी या नव्या काडतुसाचं आणि चांगल्या सवलतीत. पत्नीही ते वापरणार, पण त्यांच्या हातात जोर कमी आहे. मग हे घ्यावं, की ९ एमएम किंवा .३८० या जुन्या काडतुसांचं?

मी ह्यूस्टनच्या बाहेर एका औषधांच्या दुकानात रात्रपाळी करते. हेच पिस्तूल याच कॅलिबरमध्ये, म्हणजे याच मापाच्या काडतुसाचं, मी २०२२ च्या शेवटी घेतलं, सव्वा वर्ष वापरलं आणि विकलं. आता माझ्याकडे तेच मॉडेल ९ एमएममध्ये आहे. तुम्हीही ९ एमएमच घ्या असं मला वाटतं. पण .३० सुपर कॅरी वाईट काडतूस आहे म्हणून मी हे सांगत नाहीये.

त्याआधी एक विचारते. ग्रीन कार्ड तुमचं झालं आहे, पत्नीचंही झालं आहे ना? त्या अजून एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर असतील तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार त्यांना बंदूकच काय, एक काडतूसही स्वतःच्या ताब्यात ठेवता येत नाही. एच-१बी, एफ-१ अशा सगळ्या तात्पुरत्या व्हिसांना हेच लागू आहे. शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते असे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे ऐकून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की आता कोणीही बाळगावी. त्यातला ‘पात्र’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एका चुकीनं इथला सगळा मुक्काम धोक्यात येऊ शकतो.

आता काडतुसाकडे येते. .३० सुपर कॅरी फेडरल कंपनीनं जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आणलं. नावात तीस असलं तरी गोळीचा व्यास .३१२ ते .३१३ इंच आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘बत्तीस बोअर’ म्हणतात, त्याच जाडीची ही गोळी. माझ्या मामांकडे सांगलीला परवान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर होतं. भारतात ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाची धाव बहुतेक बत्तीसपर्यंतच. म्हणून इथे आल्यावर ‘९ एमएम म्हणजे फौजेचं, बत्तीस म्हणजे घरचं’ असं माझ्याही डोक्यात बसलेलं होतं. ते काढून टाका. व्यास जवळजवळ तोच असला तरी या नव्या काडतुसात दाब प्रचंड आहे, चौरस इंचाला ५०,००० पौंडांपर्यंत. ९ एमएमची मर्यादा ३५,००० आणि .३८० ची २१,५००. त्या दाबामुळेच १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला १,२५० फुटांच्या वेगानं निघते. तिची ऊर्जा भरते ३४७ फूट-पौंड. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी १,१५० फुटांनी निघाली तर ३६४ आणि .३८० ची सरावाची ९५ ग्रेनची गोळी साधारण २०० च्या आसपास. थोडक्यात, .३० सुपर कॅरी ताकदीनं ९ एमएमच्या शेजारी बसतं आणि .३८० बरंच खाली राहतं. दुकानदारानं तुम्हाला हे सांगितलं असेल तर ते खरंच आहे.

फायदा आहे तो जागेचा. हे काडतूस ९ एमएमपेक्षा एका मिलिमीटरहून थोडं जास्त बारीक आहे. त्यामुळे तेवढ्याच मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डब्यात) जास्त काडतुसं मावतात: शील्ड ईझीमध्ये ९ एमएमची ८, तर याची १०. मीही याच दोन जादा काडतुसांसाठी पैसे मोजले होते.

पण हे काडतूस आलं ते थोडं उशिरा. २०१२ साली पहिलं शील्ड आलं, तेव्हा खिशात मावेल अशा ९ एमएम पिस्तुलात सात-आठ काडतुसं म्हणजे पुष्कळ. त्या वेळी हे आलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. २०१८ मध्ये सिग सावरनं पी३६५ आणलं, तेवढ्याच छोट्या पिस्तुलात ९ एमएमचीच दहा काडतुसं. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, अकरा काडतुसांचं. जी अडचण सोडवायला .३० सुपर कॅरी जन्माला आलं, ती पिस्तूल बनवणाऱ्यांनी मॅगझिनची रचना बदलून आधीच बरीचशी सोडवली होती.

‘नवं म्हणजे पुढचं’ असं मानण्याआधी ९ एमएमची गोष्ट ऐकून घ्या. हे काडतूस गेऑर्ग लुगर यांनी १९०२ च्या सुमारास तयार केलं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराच्या दंडातून शिरलेली ९ एमएमची गोळी छातीत हृदयापर्यंत न पोचता अलीकडेच थांबली, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयनं जेलॅटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्यांची पद्धतशीर चाचणी सुरू केली. गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच आत गेली पाहिजे, हा निकष तिथून आला. एफबीआय आधी १० एमएम या जाड गोळीच्या काडतुसाकडे गेली, मग १९९० मध्ये आलेल्या .४० एस अँड डब्ल्यू या काडतुसाकडे. दरम्यान ९ एमएमच्या होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या या चाचणीला उतरतील अशा सुधारत गेल्या, आणि २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ एमएमवर आली. गोळी सुटताना हाताला बसणारा कमी झटका, जास्त काडतुसं आणि सरावात जास्त नेम, ही त्यामागची कारणं. एवढा अभ्यास पाठीशी असलेलं दुसरं काडतूस मला माहीत नाही.

उलट उदाहरण .४५ जीएपी या काडतुसाचं. ग्लॉकनं ते २००३ मध्ये आणलं. जॉर्जिया, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या पोलिसांनी घेतलंसुद्धा. तरी काही वर्षांत त्यांनी ते सोडलं, आणि आज त्याची काडतुसं शोधत फिरावं लागतं. काडतुसात खोट नव्हती. इतर कंपन्यांनी त्यासाठी पिस्तुलं फारशी बनवली नाहीत, म्हणून कारखान्यांनी काडतुसं कमी काढली. काडतुसं मिळेनात म्हणून लोकांनी पिस्तुलं घेतली नाहीत. .३० सुपर कॅरीसाठीही सुरुवातीला पिस्तुलं होती ती स्मिथ अँड वेसन आणि नाइटहॉकची, आणि त्यातली नाइटहॉकची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. तुम्हाला मिळणारी चांगली सवलत मला याच कारणानं खटकते.

माझा अनुभव सांगते. पहिले तीन महिने सुरळीत गेले. स्लाइड (काडतूस चढवायला मागे ओढायचा वरचा भाग) हलकी, पिस्तूल विश्वासू, एकदाही अडकलं नाही. मी महिन्यातून दोनदा रेंजवर जाते आणि प्रत्येक वेळी साधारण शंभर काडतुसं झाडते. जवळच्या तीन दुकानांत ९ एमएमची सरावाची काडतुसं भिंतभर असायची, आणि .३० ची असलीच तर दोन-चार पेट्या, त्याही ९ एमएमच्या जवळपास दुप्पट भावात. मग मी ती ऑनलाइन मागवू लागले. मग पेट्या जपून वापरू लागले. शंभरच्या जागी पन्नास, मग ‘या महिन्यात एकदाच जाऊ’. वर्षाच्या शेवटी माझी रेंजची वही उघडली, तर आदल्या वर्षाच्या निम्माही सराव झाला नव्हता, आणि सात यार्डांवरचे माझे छिद्रांचे घोळके तळहाताएवढे होते ते थाळीएवढे झाले होते. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. मी दोन जादा काडतुसं घेऊन फिरत होते, आणि पहिली गोळी कुठे लागेल याची खात्री घालवून बसले होते. चुकलेली गोळी कुणाच्या तरी भिंतीत, गाडीत किंवा अंगात जाते.

‘.३० चा झटका ९ एमएमपेक्षा खूपच कमी’ असं सांगतात, त्यातही थोडी गफलत आहे. गोळीचं वजन गुणिले वेग असा हिशेब केला, तर .३० ची १०० ग्रेनची गोळी ९ एमएमच्या १२४ ग्रेनच्या गोळीपेक्षा साधारण बारा टक्क्यांनी कमी धक्का देते. आणि ९ एमएममध्ये ११५ ग्रेनची सौम्य काडतुसं घेतली तर तोही फरक बराचसा मिटतो. .३८० मात्र खरोखर तीस-पस्तीस टक्क्यांनी हलकं पडतं. शिवाय .३० च्या दाबामुळे आवाज कडक आणि टोकदार येतो. बंद रेंजवर कानांवर दोन संरक्षणं चढवूनही मला तो जाणवायचा, आणि मग गोळी सुटण्याआधीच डोळे मिटायचे. नवशिक्याला झटक्यापेक्षा आवाजच जास्त बिघडवतो, असं मला शिकवणाऱ्या बाई नेहमी सांगायच्या. ते मला त्या वर्षी पटलं.

पत्नीसाठी .३८० चा विचार चुकीचा नाही. शील्ड ईझी पहिल्यांदा २०१८ मध्ये .३८० मध्येच आलं, आणि हात अशक्त असलेल्यांसाठीच ते बनवलेलं आहे. ९ एमएमचं २०२० मध्ये आलं. .३८० ची अडचण अशी की होलो पॉइंट गोळी फुलली तर पुरेशी खोल जात नाही, आणि खोल गेली तर नीट फुललेली नसते. दोन्ही एकत्र साधणारी काडतुसं मोजकी. तरीही ज्या पिस्तुलाची स्लाइड स्वतःच्या हातानं मागे ओढता येत नाही, त्याच्यापेक्षा सहज हाताळता येणारं .३८० शंभर पटीनं बरं. माझ्या अंगठ्याच्या सांध्याला सूज असते, त्यामुळे हे मी मनापासून सांगते.

एकच पिस्तूल दोघांनी वापरायचा विचार असेल तर जरा थांबा. तुमच्या कमरेला असलेलं पिस्तूल तुम्ही दुकानात असताना त्यांच्या काय कामाचं? दोन पिस्तुलं घ्यावी लागतील, आणि ती एकाच कॅलिबरची असली तर एकाच पेटीतून दोघांचा सराव होतो. पैसे एकाच पिस्तुलापुरते असतील तर एक ९ एमएम शील्ड ईझी, चांगलं होल्स्टर (कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान), झटपट उघडणारी छोटी तिजोरी आणि पाचशे सरावाची काडतुसं, या क्रमानं खर्च करा. घरात मूल असेल तर तिजोरी सगळ्यात आधी. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आणखी दोन गोष्टी, कारण आपल्या लोकांकडून त्या सुटतात. मराठी मंडळाचा गणपती किंवा दिवाळीचा कार्यक्रम बहुतेक वेळा शाळेच्या सभागृहात असतो. शाळेच्या इमारतीत पिस्तूल चालत नाही, तेव्हा त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत ठेवूनच निघा. आणि रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मी माझी रेंजची बॅग लाल रंगाची घेतली आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजलाच.

दुकानदाराला आज पैसे देऊ नका. भाड्यानं पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर दोघं मिळून जा आणि ईझी ९ एमएम आणि .३८० अशी दोन्ही मागा; .३० मिळालं तर तेही चालवा. प्रत्येकातून पत्नीला पन्नास गोळ्या झाडू द्या. मॅगझिन त्यांनाच भरू द्या, स्लाइड त्यांनाच ओढू द्या, तुम्ही मधे हात घालू नका. तिथे लगेच मत विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा की हात कसा आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायला आवडेल का. त्या ज्या पिस्तुलासाठी ‘हो’ म्हणतील, ते .३८० असलं तरी तेच घ्या.