चार रात्री माझ्याकडे, मग पोटगी अर्धी का नाही?

‘ताई, मी सांगलीचा, कुपवाडला एमआयडीसीत नोकरीला. २०२१ मध्ये आमचा संमतीने घटस्फोट झाला. लेकीचा ताबा आईकडे, रविवारी भेट आणि मी दरमहा ९,००० रुपये द्यायचे, असा हुकूम आहे. जूनपासून तिच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी लागली, म्हणून लेक आठवड्यातल्या चार रात्री माझ्याकडे असते. माझी आई तिचं सगळं बघते. दोन महिने मी ४,५००च भरले, वर सायकल घेऊन दिली. आता तिकडून मेसेज येतो, “उरलेले कधी?” परवा लेकीनं विचारलं, “पप्पा, या आठवड्यात तीनच दिवस राहिले तर चालेल का?” माझं काय चुकलं?’

भाऊ, हिशेब मांडलात ते ठीक, पण निकालही तुम्हीच देऊन मोकळे झालात! कोर्टाचा हुकूम कोर्टच बदलतं. तोवर ९,००० म्हणजे ९,०००. लेक कुठं झोपते यावरून रक्कम आपोआप उतरत नाही. आज तुमच्या नावावर दोन महिन्यांचे ९,००० थकलेत. लेकीच्या आईनं वसुलीचा अर्ज टाकला, तर ‘पोरगी माझ्याकडेच होती’ एवढ्यावर सुटाल असं धरून चालू नका. आणि सायकल ही बापाची हौस. ती पोटगीत वळती करायची नसते.

रात्री मोजून कपात करायची पद्धत ब्रिटनमध्ये आहे. तिथं मूल वर्षातल्या ५२ ते १०३ रात्री पैसे देणाऱ्या पालकाकडे राहिलं तर रक्कम एक सप्तमांशानं उतरते, रात्री वाढल्या की कपात वाढते. आपल्याकडे असा तक्ता नाही. न्यायाधीश दोघांची मिळकत आणि मुलीच्या गरजा बघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोघांनाही मिळकत, मालमत्ता, कर्ज शपथेवर लिहून द्यावं लागतं.

म्हणून रात्री सोडा, खर्च बघा. दूध, डबा, रात्रीचं जेवण तुमच्याकडे सरकलं, कबूल. पण लेक चार रात्री नाही म्हणून मिरजेचा घरमालक भाडं कमी करत नाही. शाळेची फी, रिक्षावाले काका, क्लास, दवाखाना कोण भरतंय? पत्रात त्याचा एक शब्द नाही. ती भरत असेल तर ‘अर्धे’ आले कुठून? शिवाय डबा करणारी, वेणी घालणारी तुमची आई. कष्ट तिचे आणि सूट तुम्हाला, हे मला जरा खटकलं.

तरी तुमची बाजू पोकळ नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं मुलांना पोसायची जबाबदारी आई-बाप दोघांवर टाकली आहे. तिच्या आईचा पगार वाढला असेल, लेकीचा मुक्काम खरंच बदलला असेल, तर ‘परिस्थिती बदलली’ म्हणून रक्कम बदलून मागता येते. हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर कलम २६ बघा. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी बांधली असेल तर पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६. हुकमाची नक्कल घेऊनच वकिलाकडे जा.

आधी थकलेले भरा, बँकेतून, कोणत्या महिन्याचे ते लिहून. लेकीच्या दप्तरातून पाकीट पाठवू नका (असे बाप असतात, म्हणून सांगते). मग तिच्या आईशी बोला, लेक शाळेत असताना. पटलं तर दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, वकिलामार्फत त्याच कोर्टात द्या. कोणत्या रात्री कुणाकडे, फी कुणाची, आणि मुख्य म्हणजे रात्रपाळी संपली की काय, हे त्यात येऊ द्या. तोंडी ठरलेलं पहिल्या भांडणात कुणालाच आठवत नाही. नाहीच पटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जा. तिथं मध्ये बसून बोलणी घडवून आणतात.

लेकीला मात्र आजच उत्तर द्या. तिनं मेसेज वाचला की आजीचं बोलणं ऐकलं, कोण जाणे. पण आपल्या मुक्कामाचे पैसे मोजले जातात हे तिला कळलंय. ‘चालेल’ म्हणा. का विचारलंस, ते विचारू नका.