लॅबच्या किटच्या मजकुराचं ग्रीक भाषांतर करताना 'रीएजंट'ला (तपासणीत रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाला) काय म्हणतात, आणि बाकीचे शब्द कुठून घ्यायचे?

रीएजंटला ग्रीकमध्ये 'आंदिद्रास्तीरियो' म्हणतात, आणि बाकीचे शब्द स्वतः बनवू नका, युरोपियन युनियनच्या कायद्यांच्या ग्रीक मजकुरातूनच उचला. डायग्नॉस्टिक किटसाठी २०१७/७४६ हे रेग्युलेशन आहे, ते युर-लेक्स या युरोपियन युनियनच्या कायद्यांच्या साइटवर इंग्रजी आणि ग्रीक शेजारी-शेजारी उघडून वाचता येतं, आणि धोक्याच्या सूचनांसाठी १२७२/२००८, त्यात एच३१४ सारख्या प्रत्येक कोडचं वाक्य ग्रीकमध्ये ठरवूनच दिलंय, ते अक्षरशः तसंच्या तसं कॉपी करायचं, सुंदर करायला जायचं नाही, कारण ते वाक्य कायद्याने ठरलेलं आहे. 'आंदिद्रास्तीरास' लिहिलं तर मात्र रिअ‍ॅक्टर होतो, शेवटची दोन-तीन अक्षरं नीट तपासा, हे खरंच महत्त्वाचं आहे. बफर सोल्युशन (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) म्हणजे 'रिथ्मिस्तिको द्यालिमा'. केमिकल्सच्या नावात क्रम सांभाळा, सोडियम क्लोराइड हे 'ख्लोरिऊखो नात्रियो' होतं, म्हणजे क्लोराइड आधी आणि सोडियम नंतर, आणि शंका आली की नावावर न जाता सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) जुळवून बघा, तो सगळ्या भाषांत एकच असतो. फक्त एक आहे, पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या तपासणीतल्या 'मास्टर मिक्स' (आधीच तयार केलेलं मिश्रण) सारखे शब्द या कायद्यांत सापडणार नाहीत, तिथे ग्रीक लॅबमध्ये रोज काम करणाऱ्या माणसाकडून शब्द पक्का करून घ्या आणि मग पूर्ण फाइलभर तोच ठेवा.