‘शेकर शटर’ आणि ‘शेकर दांपत्य’

प्रश्न: मॉड्युलर किचनच्या पत्रकात ‘शेखर शटर’ वाचलं. हा शेखर कोण? आणि ‘हे फर्निचर शेकर पती-पत्नी मिळून बनवत’ हे वाक्य बरोबर आहे का?

शेखर कोणी नाही. शब्द ‘शेकर’, इंग्लंडमध्ये उगवून अमेरिकेत वाढलेल्या एका ख्रिस्ती पंथाचं नाव. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, मधे सपाट पॅनेल, नक्षी शून्य: हे झालं शेकर शटर. लाकडी पॅनेल खाचेत सुटं बसवायचं, डिंक लावायचा नाही. पावसाळ्यात ते फुगतं, आणि चिकटवलं असेल तर तडकतं किंवा चौकटीचे सांधे उघडतं. एकसंध एमडीएफवर मशीनने खाच मारून तेच नाव लावतात, त्याला इलाज नाही.

‘शेकर पती-पत्नी’ मात्र हद्द झाली! हा पंथ कडक ब्रह्मचर्याचा. घोटाळा ‘फॅमिली’ या शब्दामुळे होतो. शेकरांची फॅमिली म्हणजे रक्ताचं कुटुंब नव्हे, तर साधारण ३० ते १०० जणांचं एकत्र राहणारं घटक. वर दोन एल्डर (पुरुष प्रमुख) आणि दोन एल्ड्रेस (स्त्री प्रमुख), कामाच्या वाटणीला डीकन, बाहेरच्या व्यवहाराला ट्रस्टी. लग्न झालेलं जोडपं आलं तरी पुढे ती दोघं भाऊ-बहीण. निवासाला स्त्री-पुरुषांचे दरवाजे वेगळे, जिने वेगळे. करारावर सही केली की मालमत्ता समाईक. न्यू लेबनॉन या न्यूयॉर्क राज्यातल्या शेकर वसाहतीचा पहिला लेखी करार १७९५ चा.

आता खरी मजा. प्रार्थनेत थरथरणाऱ्या मँचेस्टरच्या या मंडळींना लोक ‘शेकिंग क्वेकर’ म्हणून हिणवत. क्वेकर हा त्याआधीचा दुसरा ख्रिस्ती पंथ. ‘क्वेकर’चा अर्थही थरथरणाराच! १६५० मध्ये त्या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने डार्बीच्या न्यायाधीशाला ‘देवाच्या वचनापुढे थरथरा’ असं सुनावलं, म्हणून न्यायाधीशाने हे नाव पाडलं. म्हणजे ‘शेकिंग क्वेकर’ हा ‘पिवळा पीतांबर’ झाला. त्यातला पीतांबर गळला आणि पिवळा तेवढा उरला.

यावरून ‘शेकर ही क्वेकरांची फुटून निघालेली शाखा’ असं ठोकून देणारे संदर्भग्रंथ मला पटत नाहीत. १७४० नंतरचे, म्हणजे शेकर उगवले त्या काळातले, क्वेकर सभेत मुकाट बसणारे होते. त्यांच्याकडून अंगात येणं कसं मिळणार? माझ्या मते हा कंप १७०६ मध्ये लंडनला आलेल्या फ्रेंच ‘प्रेषितां’चा. दक्षिण फ्रान्समधल्या छळातून आलेले हे प्रोटेस्टंट भर सभेत झटके येऊन भविष्य सांगत. नाव क्वेकरांचं चिकटलं, कारण थरथरणाऱ्यांसाठी इंग्रजांकडे तोच शब्द तयार होता.

आपल्याकडे अष्टसात्त्विक भावांत ‘वेपथू’ म्हणजे कंप आहेच. तेव्हा मराठीत ‘हलणारे’, ‘डोलणारे’ असली भाषांतरं कृपया नकोत, ‘कंपपंथी’ चालेल. तोही सुरुवातीच्या काळापुरताच. शेकरांची पुढारी अॅन ली १७७४ मध्ये आठ अनुयायांसह अमेरिकेला गेली आणि १७८४ मध्ये वारली. पुढे नंतरचा पुढारी जोसेफ मीचम याने १७८८ च्या सुमारास मोकाट थरथरीला रांगांतल्या मोजक्या पावलांचं वळण लावलं. शेकर त्यानंतर शिस्तीत नाचत. अधिकृत नाव वेगळंच आणि लांबलचक होतं, पण हिणवण्यातलं नाव त्यांनी स्वतःच स्वीकारून बियाणांच्या पाकिटांवर छापलं.