गोव्यात कासव आणि समुद्री पक्षी संवर्धनाचं काम कुठे आणि कसं बघावं?

तुमचा प्रश्न असा की फेब्रुवारीत मुलांना घेऊन गोव्यात येताय, समुद्री पक्षी आणि कासवं वाचवण्याचं काम चालतं ते केंद्र बघायचंय, आणि किनाऱ्यावर जखमी प्राणी दिसला तर काय करायचं तेही हवंय.

तिकीट काढून आत शिरायचं आणि दोन तासांत सगळं बघून बाहेर पडायचं, असं ठिकाण डोक्यात ठेवून येऊ नका. इथे हे काम थेट वाळूवर चालतं. वन खात्याची कासव संरक्षणाची ठिकाणं पेडण्यात मोरजी आणि मांद्रे, काणकोणात आगोंद आणि गालजीबाग इथे आहेत. मुलं सोबत आहेत म्हणून मोरजी सुचवतो. शापोरा नदीचं मुख तिथेच असल्यामुळे एकाच सकाळी पक्षीही बघून होतात.

मोरजीतल्या टेंबवाड्याच्या टोकाला, नदीच्या मुखापाशी, सकाळी सातच्या सुमारास पोचा. ऊन पाठीशी राहतं. निघण्याआधी भरतीची वेळ मात्र बघून घ्या. पाणी चढू लागलं की चिखलात विखुरलेले चिखल्या (प्लोव्हर) मागे सरकतात आणि कोरड्या वाळूवर जिथे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) बसलेले असतात तिथे गोळा होतात, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचा तास-दीड तास सर्वांत चांगला. ८×४२ची दुर्बीण पुरते. तपकिरी डोक्याचा कुरव शोधताना तपकिरी डोकं शोधू नका, हिवाळ्यात ते पांढरंच असतं आणि डोळ्यामागे फक्त काळसर डाग दिसतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. डोळा बघा: पहिल्याचा फिकट, दुसऱ्याचा काळा. पोरांना थव्यात धावू देऊ नका. परतीच्या लांब प्रवासासाठी हे पक्षी अंगात चरबी साठवत असतात आणि दर वेळी उठून उडण्यात ती खर्च होते.

कासवांच्या ठिकाणी जाळीचं कुंपण दिसेल, आत वाळूत रोवलेल्या खुणा. प्रत्येक खुणेखाली साधारण दीड फुटावर ऑलिव्ह रिडली या समुद्री कासवाची शंभरेक अंडी. अंडी हलवायचीच असली तर घातल्यावर काही तासांतच हलवावी लागतात आणि तीही न फिरवता. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटलं तर मरतो. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, म्हणून सावलीलाही महत्त्व आहे. पिल्लं सोडण्याची वेळ आदल्या दिवशी ठरवून मिळत नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांना सकाळीच विचारा. सोडताना टॉर्च, फ्लॅश, मोबाइलचा उजेड पूर्ण बंद. पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालतं, उजेड दिसला की शॅकच्या दिशेला वळतं. उचलून पाण्यात ठेवू नका. त्यांच्या वाटेत उभंही राहू नका, कारण खोल पाऊलखुणेत पिल्लू अडकून पडतं. रिडली १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा हात लावणं हा गुन्हाही ठरतो.

आता जखमी प्राण्यांचं. मोठं कासव वाळूवर पडलेलं असेल तर समुद्रात ढकलू नका. थकलेल्या कासवाला श्वासासाठी डोकं वर काढता येत नाही, ते बुडतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, गर्दी हटवा आणि जीवरक्षकाला किंवा वन खात्याला कळवा. अंगात जाळं रुतलं असेल तर ओढून काढू नका, आतला रक्तप्रवाह अचानक सुटतो. ते काम पशुवैद्याचं.

जखमी, थकलेले समुद्री पक्षी बहुधा पावसाळ्यात सापडतात. वादळी वाऱ्याने खोल समुद्रातले बूबीसारखे पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात. पाणी, पाव, मासा काही भरवू नका. टॉवेल टाकून पकडा, चेहरा लांब ठेवा (चोच थेट डोळ्यावर येते), भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. आणि चोचीला चिकटपट्टी किंवा रबर कधीच लावू नका: बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कडेनेच श्वास घेतो.