कारखान्यात ५०० किलोवॅटचं गॅस जनरेटर बसवायचंय, इंजिन घ्यावं की टर्बाइन?

इंजिनच घ्या, पण त्याची उष्णता वापरायची सोय असेल तरच, नुसत्या विजेसाठी सहसा परवडत नाही. मी गॅस इंजिनांच्या मेंटेनन्सचं काम करतो. या साइजला इंजिन गॅसमधल्या ऊर्जेची साधारण ३५ ते ४० टक्के वीज करतं, छोटं टर्बाइन बहुतेक वेळा ३० च्या आसपास किंवा त्याखालीच राहतं, म्हणजे एका युनिटला इंजिन अंदाजे पाव घनमीटरपेक्षा जरा जास्त गॅस खातं. बाकीची उष्णता जाते कुठे तर जॅकेटचं पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ८०-९० डिग्रीला बाहेर येतं आणि एक्झॉस्ट ४०० च्या वर असतो, त्यावर गरम पाणी आणि थोडी स्टीम निघते, ती प्रोसेसला लागली तर एकूण वापर ७५-८० टक्क्यांपर्यंत जातो. सगळी उष्णता स्टीम म्हणूनच हवी असेल तर मात्र टर्बाइनचा विचार करा, त्याची जवळपास सगळी उष्णता एक्झॉस्टमध्येच असते. आणि साइज रात्रीचा लोड बघून ठरवा, कारण क्षमतेच्या ५० टक्क्यांखाली सतत चालवलं की ऑइल पिस्टनच्या वर, गॅस जळतो तिथे चढतं, स्पार्क प्लग काळे पडतात, व्हॉल्व्हवर थर बसतो, हे प्रत्येक वेळी उघडल्यावर दिसतं.