ओहाफिया युद्धनृत्यात पुढच्या नर्तकाच्या डोक्यावर कवट्यांची फळी का असते?

ती लढाईत शत्रूंची शिरं जिंकून आणल्याची खूण आहे. आग्नेय नायजेरियातल्या अबिया राज्यातले ओहाफिया हे इग्बो लोक, आणि हे त्यांचं नृत्य, इक्पिरिक्पी ओगू. पूर्वी शत्रूचं शिर आणणाऱ्यालाच तिथे खरा वीर मानत आणि परतलेल्या वीरांचं स्वागत या नृत्याने होई. ब्रिटिश अमलात शिरं आणण्याची प्रथा बंद पडली; आता फळीवर बहुधा लाकडात कोरलेली मुंडकी असतात. पण फळीइतकंच लक्ष द्या नर्तकाच्या तोंडाकडे! ताडवर्गी झाडाचं कोवळं पान त्याने दातांत धरलेलं असतं, त्यामुळे तो चकार शब्द काढत नाही. जे सांगायचं ते खांद्यांच्या आणि छातीच्या थरथरीतून, ढोलाच्या तालावर. हातात आखूड तलवार, कमरेला कापड, आणि इतर नर्तकांच्या डोक्यावर लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची विणलेली टोपी. तिला ‘ओक्पु आगु’ म्हणजे बिबट्याची टोपी म्हणतात. मात्र याला सरसकट ‘इग्बो नृत्य’ म्हणू नये. ओहाफिया, अबाम, एड्डा अशा क्रॉस नदीकडच्या गटांची ही परंपरा आहे.