गोळी प्लेटमध्ये घुसते आणि रन मध्येच बंद पडतो

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये १० मिमीच्या स्टील प्लेटवर ८०० मीटर प्रति सेकंदानं गोळी मारलीय. सुरुवातीला मस्त चालतं, मग 'निगेटिव्ह व्हॉल्यूम' दाखवून रन बंद. मित्र म्हणाला इरोजन (बिघडलेले तुकडे आपोआप काढून टाकायची सोय) ऑन कर, केलं तर पूर्ण झाला, पण गोळीसमोरचं मटेरियलच गायब होतंय. असं दिलं तर चालेल का?

उत्तर: देता येईल, पण व्हायवामध्ये पहिला प्रश्न यावरच येणार. घरी पोळीच्या कणकेवर बॉलपेननं चौकटी आखून बघ (आईच्या नजरेआड), मग मधोमध अंगठा दाब. चौकटी आधी लांबतात, मग चेपतात, आणि कॉम्प्युटरमध्ये तर एक कोपरा सरळ पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो, तेच तुझं निगेटिव्ह व्हॉल्यूम, कारण या चौकटींची जाळी मटेरियलला चिकटलेली असते.

इरोजन काय करतं, तर बिघडलेली चौकट काढून फेकतं. तिच्यात साठलेली एनर्जी गेली, तिचा विरोध गेला आणि गोळीला आयतीच वाट मिळाली. इरोजन स्ट्रेन, म्हणजे चौकट किती ताणली की काढायची तो आकडा, २ ऐवजी १ टाकून बघ, गोळी बाहेर पडतानाचा वेग बदलला तर समजायचं की उत्तर स्टीलचं नाही, तू टाकलेल्या आकड्याचं आहे. जॉन्सन-कुकचं फेल्युअर मॉडेल, म्हणजे धातू खरोखर कधी तुटतो ते सांगणारं सूत्र, वेगळं, त्याचे आकडे टेस्टवरून काढतात, दोन्ही एकात घालू नकोस.

दुसरा रस्ता एसपीएचचा (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स), तो १९७७ साली ताऱ्यांच्या गणितासाठी निघाला. यात जाळीच नाही, पोत्यातल्या ज्वारीसारखे कण, त्यामुळे काही उलटंपालटं होत नाही. पण ताण आला की कण गठ्ठे करून बसतात आणि नसलेली तडा दिसते, मुलं तीच रंगीत प्रिंट काढून लावतात! मला स्वतःला एमपीएम (मटेरियल पॉइंट मेथड) जास्त पटतं, १९९४ मध्ये सल्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलं. वजन, वेग, ताण सगळं कणांकडे, जाळी म्हणजे फक्त पाटी, गणित झालं की पुसून परत कोरी.

तुझ्यापुरतं सांगायचं तर गोळी लागते तेवढ्याच भागात कण घे, बाकी प्लेट साध्या एलिमेंटमध्येच (म्हणजे जाळीच्या चौकटींमध्येच) राहू दे. आणि सगळीकडे जाळी बारीक करत सुटू नकोस, स्टीलमध्ये आवाज साधारण ५००० मीटर प्रति सेकंद पळतो आणि गणिताच्या एका टप्प्यात तो एक एलिमेंट ओलांडता कामा नये, म्हणजे १ मिमीच्या एलिमेंटला हा टप्पा, टाइम स्टेप, ०.२ मायक्रोसेकंदच्या वर जाऊ शकत नाही. साईझ निम्मी केली की थ्रीडीत एलिमेंट ८ पट आणि स्टेपची संख्या दुप्पट, म्हणजे १६ पट काम, लॅबमधला पीसी रात्रभर घरघरत बसेल. तुझी गोळी वेग न घटता गेली तरी १० मिमी १२.५ मायक्रोसेकंदात पार करते, मग रन पूर्ण मिलिसेकंद चालवायची गरज काय?

रन संपला की आधी अ‍ॅनिमेशन नाही, एनर्जीचा ग्राफ उघडायचा. आवरग्लास एनर्जी (चौकटींच्या खोट्या, वेड्यावाकड्या हालचालीत गेलेली) इंटर्नल एनर्जीच्या, म्हणजे मटेरियलमध्ये खरोखर मुरलेल्या एनर्जीच्या, १० टक्क्यांवर गेली असेल तर तो रन कचऱ्यात. इरोजनच्या दोन्ही आकड्यांना गोळीचा वेग किती आला ते पुढच्या पत्रात लिही.